मंगलताई आणि दोन आरसे

मंगलताईंचा धंदा मीच बुडवला.

त्या स्वतःहून तसं कधी बोलल्या नाहीत. पण खरं ते खरं.

भांडुपला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर त्यांचं छोटं टेबल होतं. वीसेक वर्षं त्या स्टीलच्या डब्यांवर, तांब्यांवर नावं घालायच्या. अक्षर असं, की लोक मुलुंडहून भांडी घेऊन यायचे.

मग मी समोरच लेझर एनग्रेव्हिंगचं दुकान टाकलं.
नाव दोन मिनिटांत. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं.

त्यातच ताईंचा हात थरथरायला लागला. एका बाईने तांबा परत आणला. "हे नाव आहे की रेघोट्या?"

ताईंनी दुसऱ्या दिवसापासून टेबल लावलंच नाही.

मला फार लागलं. पण जाऊन बोलायची हिंमत होईना.

महिनाभराने एक गृहस्थ आले. आईचा एकुलता एक फोटो, तोही जुन्या ओळखपत्रावरचा. तो लाकडावर कोरून हवा होता.

मशीनच्या आत दोन इवलेसे आरसे असतात. ते हलतात तसा लेझरचा किरण लाकडावर धावतो आणि ओळीमागून ओळ चित्र जाळत जातो. मला वाटलं, फोटो टाकला की झालं.

तीन लाकडं वाया गेली. चेहरा नुसता काळा.

शेवटी रस्ता ओलांडला आणि ताईंच्या घरी गेले. लाकडं पुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. "अगं, सगळीकडे सारखंच जाळतेयस. गालावर हात हलका ठेव ना."

"ताई, यात हात नाहीये. आरसे आहेत."

"मग आरशांना सांग!"

आल्या माझ्याबरोबर. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत गेल्या. इथे ठिपके विरळ कर. मागचं सगळं काढून टाक. डोळ्यातला तेवढा पांढरा बिंदू सोड, तिथे लाकूड दिसू दे.

चौथ्या लाकडावर एक बाई हसत होत्या.

त्या गृहस्थांनी गालावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "हीच."

ते गेल्यावर मी विचारलं, "ताई, उद्या याल?"

"माझा हात थरथरतो गं."

"आरशांचा नाही थरथरत."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी.

पुढची चार वर्षं त्या रोज आल्या. चष्म्यावर सेफ्टी गॉगल. माऊस जमेना, तर कीबोर्डवरून काम शिकल्या, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. काच, चामडं, लाकूड, कशावर किती पॉवर, किती स्पीड, सगळं तोंडपाठ. फोटो घेऊन येणारे आधी त्यांनाच विचारायचे.

एकदा धीर करून म्हटलं, "ताई, तुमचं टेबल माझ्यामुळे गेलं."

"हो, गेलं," त्या म्हणाल्या. "राग होता तुझ्यावर. मग तू घरी आलीस. आता ती प्लेट सरळ लाव, वाकडी बसलीये."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी हार्ट अटॅकने गेल्या. आदल्या संध्याकाळी दुकानाचं शटर त्यांनीच ओढलं होतं.

परवा एक बाई आल्या. ब्लाऊज शिवायच्या. बोटं आखडलीत, मशीन सुटलं. बिचकत विचारलं, "मला जमेल का हो इथलं काही?"

मी म्हटलं, "बसा. फोटो कसा बघायचा, तिथून सुरू करू."

सोमवारपासून येतायत.

जय भीम, ताई. फार आठवण येते.