टपावर बसणारा मिस्त्री

चूक भाच्याची, म्हणजे हे लिहिणाऱ्याचीच. मामाच्या छातीत धडधडतं म्हणून तो त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. तू गप्प बसायचं, मी बोलतो, असं मामाने वाटेतच बजावलं होतं. पण डॉक्टरने वय विचारलं आणि भाच्याला राहवलं नाही. एकसष्ट, पण रोज पाच मजले जिन्याने चढतात, कामावरचे वेगळेच, असं त्याने कौतुकाने सांगून टाकलं. डॉक्टरने चष्मा काढला, पुसला आणि कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं, जिना बंद.

यात गळा काढण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. इमारतीला लिफ्ट आहे आणि मामा तर लिफ्टचाच मिस्त्री. चौतीस वर्षं त्याने गावभरच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. पण दार लावून, आत उभं राहून तो एकदाही वर गेला नव्हता, हे घरच्यांखेरीज फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. कामाच्या वेळी तो केबिनच्या टपावर बसायचा. तिथे तारेचे दोर डोळ्यांसमोर, बटण स्वतःच्या अंगठ्याखाली आणि वेग मुंगीचा. आत बसलं की वर काय तुटतंय ते दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आता, तुटणारा दोर दिसला म्हणून हा काही तो दातांत धरणार नव्हता. पण भेदरलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

बाहेर मात्र रुबाब विचारू नका. लिफ्टच्या आरशात भांग नीट करणारे त्याला मूर्ख वाटत, बटण दोनदा दाबणारे महामूर्ख. शेजारच्या मास्तरीणबाई एकदा दोन मिनिटं अडकून रडल्या, तर याने महिनाभर त्यांची नक्कल केली. मरायला काय घाबरायचं, एक दिवस जायचंच, हे पालुपद वर. आणि आता हाच शूरवीर अकरा दिवस खिडकीत बसून रस्ता बघत होता, कारण खाली उतरलं तर परत वर यावं लागेल.

बाराव्या दिवशी वस्तादांच्या सुनेचा फोन आला. पाना कसा धरायचा इथपासून मामाला ज्यांनी शिकवलं, ते हे वस्ताद. वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम दोन गल्ल्या पलीकडे, आठवा मजला. दवाखान्यात जायचं नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. जेवण जवळजवळ सुटलं होतं आणि दोन दिवस मिस्त्रीला बोलवा, एवढंच चाललं होतं. उशीर नका करू, सून म्हणाली.

मामाने तब्येतीचं कारण पुढे केलं आणि फोन ठेवला. मामीने त्याच्याकडे नासलेल्या दुधाकडे बघावं तसं बघितलं.

"ज्यांनी तुम्हाला पोटापाण्याला लावलं, ते तुमची वाट बघत मरणार आणि तुम्ही जीव सांभाळत बसणार. सांभाळा. मोठा किमती जीव आहे."

मामाने इस्त्रीचा शर्ट घातला. बंदी चढायला आहे, उतरायला नाही, असा सोयीचा अर्थ लावून तो खाली उतरला आणि वस्तादांच्या इमारतीत नेहमीच्या सवयीने जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर छातीत घण पडू लागले. पायरीवर टेकून त्याने टपाचाही विचार केला, पण शर्ट पांढरा होता. शेवटी त्याने लिफ्टचं बटण दाबलं. दोनदा.

आत एक बाई फोनवर कोणाला तरी पडद्याचं कापड समजावत होती. मामाने दोन्ही हातांनी दांडा पकडला आणि डोळे मिटले. चक्कर येते का काका, बाईने विचारलं. नाही, आवाज ऐकतोय, तो म्हणाला. खरंच ऐकत होता. दोर ठीक, रूळ ठीक, तेल वेळेवर घातलेलं. सहावा मजला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण पकडलाय तो दांडा आहे. तो कितीही आवळला तरी वरच्या दोराला त्याचा पत्ता नाही. एवढी साधी गोष्ट समजायला साहेबांना चौतीस वर्षं आणि चार मजले लागले. त्याने हात सोडले. सातवा मजला त्याने मोकळ्या हातांनी बघितला.

वस्ताद उशांना टेकून बसले होते, अर्धे उरलेले.

"जिन्याने आलास?"

"लिफ्टने."

"आतून?"

"आतून."

म्हातारा खोकला लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, "इतकी वर्षं माझा सगळ्यांत हुशार चेला म्हणून तुला मिरवलं आणि मनात तुझी लाज बाळगली. डोळे मिटण्याआधी एकदा तुला आतून आलेला बघायचं होतं."

मामाने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग त्याने हळूच विचारलं, "वस्ताद, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटायची. मग तिचाच कंटाळा आला. रोज येते, तेच ते सांगते, नवीन काही आणत नाही. आता एवढंच वाटतं, लेव्हलला थांबावं. हिसका नको, पायरी उरायला नको. दार उघडलं की सरळ बाहेर."

केबिनची जमीन मजल्याच्या जमिनीशी तंतोतंत जुळणं, ही या धंद्यातली सगळ्यांत मोठी शेखी. मग म्हाताऱ्यानेच विषय बदलला. या मजल्यावर लिफ्ट बोटभर खाली थांबते, सून रोज ठेचकाळते, तेवढं करून दे, म्हणाला. मामा लगेच उठायला लागला.

"आज नको. आज बस."

मग संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून ओळखीच्या एकूण एक मिस्त्रींना नावं ठेवली.

त्या भेटीनंतर नवव्या दिवशी दुपारी वस्ताद गेले. अर्धा कप चहा घेऊन कुशीवर वळले होते. सून कप उचलायला आली तेव्हा तिला कळलं. हिसका बसला नाही.

मामा आता लिफ्टने हिंडतो आणि न विचारता लोकांना मरणाविषयी चार शब्द ऐकवतो. आठव्या मजल्यावर लिफ्ट अजून बोटभर खालीच थांबते. सुनेचे दोन फोन येऊन गेले. गुरुवारी नक्की येतो, असं तो दर वेळी सांगतो.