देवीने दिलेली मोठी बोट

दादाने फेकलेला पाना माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा पुढचा दात तुटला, माझी बोटे फाटली. आम्हा दोघा भावांना मिसरूड फुटल्यापासून वाद असेच मिटवायची सवय. सुर्ल्याच्या ज्या वर्कशॉपात पूर्वी खनिजाच्या ट्रकांचे हौदे जोडत, तिथे हल्ली पोंटून बोटी बनतात. खाली जाड पोकळ नळ्या, वर सपाट फळी, बाकडी आणि छत. तिथल्या वेल्डरने आमच्यावर बादलीभर पाणी ओतले तेव्हा आम्ही एकमेकांना सोडले.

वाद दोन बोटींचा होता. दोन नळ्यांची लहान, आठ माणसांची. तीन नळ्यांची मोठी, वीस माणसांची. केरीच्या खाडीत पर्यटक फिरवायचे तर मोठीच हवी, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. दादाचे मात्र एकच पालुपद, "ओहोटीक दोघांनी धरून रवता येयत तीच आपली. मोठी माका आवरूची नाय." मी त्याला भित्रा म्हणालो, म्हणून पाना आला.

शेवटी ठरले, देवीला विचारायचे. आमच्याकडे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मोठी घेऊ का, असे भटजींनी देवीला विचारले. डावी पडली. दादाने डोळे मिटून हात जोडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवळात त्याचा गळा धरला नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. बोटीचे नावही काढले नाही. मनातले काम होईल का, एवढेच भटजींना विचारायला लावले. उजवी पडली. घरी येऊन दादाला सांगितले की कालची पाकळी वाऱ्याने पडली होती, आज भटजींनी पुन्हा विचारले आणि देवीने मोठी दिली. दादाने एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याशी तो महिनाभर भांडला असता. देवीशी भांडायचे त्याला माहीतच नव्हते.

मोठी बोट आली. चौथ्या रविवारी दुपारी ओहोटीचे पाणी आणि पश्चिमेचा वारा एकदमच लागले. छतात वारा भरला, बोट आडवी झाली आणि धक्क्याकडे सुटली. मी इंजिन उलटे फिरवले, उपयोग झाला नाही. दादा पुढे उभा होता. जन्मभर होडीवर जे केले तेच त्याने केले, धक्क्याला पाय लावून बोट ढकलायला गेला. होडी ढकलली जाते. ही ढकलली गेली नाही. दगड आणि नळी यांच्यामध्ये त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला. बोट जराशी मागे सरली आणि पुन्हा त्याच पायावर आदळली. पाय सुटला तेव्हा तो चपलेसकट उलटा फिरला होता. फळीवर रक्त पसरले, बायका किंचाळत होत्या, आणि मी वेड्यासारखा इंजिनाला लाथा घालत होतो.

पाय कापावा लागला.

इस्पितळात वहिनीने माझी कॉलर धरली. "तुझ्या हट्टान माझ्या घोवाचो पाय गेलो," म्हणत तिने माझ्या थोबाडीत दिली. मग आणखी एक, मग आणखी. मी गाल पुढेच ठेवला. मार खाताना मला बरे वाटत होते.

दादा खाटेवरून तिच्यावर खेकसला, "ताका हात लावू नको. तो मोठी मागत होतो खरा, पण दिली ती देवीन."

मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "पाय गेलो, जीव रवलो. तिचीच कृपा. उद्या माझ्या नावान तिका नारळ दी."

खरे सांगायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "देतंय."