अप्पांच्या हातचा पाला

बाळंतपणाच्या गोष्टी बायका सांगतात त्या बहुतेक आईच्या, माहेरच्या. माझ्याकडे साठल्यात त्या सगळ्या सासऱ्यांच्या! माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्न होऊन कोल्हापूरहून तंजावरला आले, तर वर्षभरात सासूबाईही गेल्या. घरात मी, नवरा श्रीनिवास आणि सासरे, अप्पा. मेसचा डबा यायचा.

पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त कमी आहे. डबा बंद. घरचं साधं जेवण, डाळ, पालेभाज्या."

अप्पा माझ्याबरोबर आले होते. परतताना त्यांनी बाजारात रिक्षा थांबवली आणि शेवग्याच्या पाल्याची भलीथोरली जुडी घेतली. इकडे त्याला मुरुंगैकीरै म्हणतात. घरी येऊन शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"अश्विनी, हा गॅस पेटवतात कसा?"

सगळा जन्म वीज खात्यात गेला होता त्यांचा!

*

पहिल्या दिवशीचा पाला खारट झाला होता. मी मुकाट्यानं संपवला. मागून अप्पा जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थांबले.

"हे तू खाल्लंस?"

"तुम्ही केलंत म्हणून."

"तसं करू नको. वाईट झालं तर वाईट म्हण. नाहीतर मी शिकू कसा?"

मग मी म्हणायला लागले. दोन आठवडे रोज म्हणत होते!

*

फोडणीचा वास आला की मला उलटी व्हायची. अप्पांनी घरातली फोडणीच बंद केली. दुधी, भोपळा, पडवळ, सगळं मुगाच्या डाळीत उकडलेलं, वर खोवलेलं खोबरं. तिघांनाही तेच.

आठवड्यानं श्रीनिवास म्हणाला, "अप्पा, माझ्यापुरतं तरी सांबार करा की."

अप्पांनी त्याच्या पानात भोपळा वाढला. "का? तुझ्या पोटात कोण आहे?"

*

शेजारच्या मामी रोज एक भाजी बंद करायच्या. वांगं उष्ण, केळफूल नको, काकडी थंड. अप्पा ऐकून घ्यायचे.

पुढच्या तपासणीला ते कापडी पिशवी घेऊन आले. केबिनमध्ये शिरताच एकेक भाजी काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडली. वांगं, केळफूल, काकडी, तांबडा माठ.

"ह्यातलं काय देऊ नये?"

बाई हसल्या नाहीत. प्रत्येक भाजी हातात घेऊन पाहिली. "सगळं द्या. फक्त स्वच्छ धुऊन."

बाहेर येऊन अप्पांनी मामींना फोन लावला. "मामी, वांगं सुटलं!"

*

चौथ्या महिन्यात रक्त गेलं. पहिल्या वेळेसारखंच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं. म्हणाल्या, ठोका आहे, पण आत्ता काही सांगता येत नाही. पडून राहायचं.

दुपारी अप्पा ताट घेऊन आले. मऊ भात, पडवळाचं कूटू, म्हणजे तीच डाळीत शिजवलेली भाजी. मी भिंतीकडे तोंड केलं.

"बाळच राहणार नसेल तर जेवू कशाला?"

अप्पांनी ताट खाली ठेवलं. मग पलंगाशी जमिनीवर बसले, भात कालवला.

"बाळासाठी नाही केलं. तुझ्यासाठी केलंय."

मी वळले. रडतच जेवले.

*

नववा महिना भरला. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी मुलगी झाली. श्रीनिवास औषधं आणायला खाली गेला होता. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आत पडल्या पडल्या मला ऐकू येत होतं. नर्स बाळाला गुंडाळून बाहेर गेली. बाकांवर इतर घरच्या बायका बसलेल्या.

"पोण्णोड अम्मा यारु?" तिनं विचारलं. मुलीची, म्हणजे बाळंतिणीची, आई कोण?

कुणीच उठलं नाही. तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं.

मग बाक करकरला आणि अप्पांचा आवाज आला.

"नान दान." मीच.

फटीतून दिसत होतं. नर्सनं त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.