रेघेच्या पुढचं वाक्य

प्लम शिजल्याचा आंबटगोड वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये मी व्हॉलंटियर होते. अठराव्या शतकात इथून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या एका बाईची डायरी तिथे होती, आणि एका रविवारी ती लोकांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. शेजारी तिच्याच कृतीने प्लमचा जॅम उकळत होता. माझ्या हातातल्या टाइप केलेल्या पानावर मॅनेजरबाईंनी पेन्सिलने रेघ मारून बजावलं, "इथे थांबायचं. लोक सुट्टीचे येतात, त्यांचा मूड कशाला घालवायचा?" रेघेच्या पुढे लिहिलं होतं, की पातेलं ढवळणाऱ्या गुलाम मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला आणि तिच्या धांदरटपणामुळे सगळा जॅम वाया गेला. वाचता वाचता मी रेघेपाशी आले आणि थांबले नाही. मॅनेजरबाई घाईघाईने टाळ्या वाजवत पुढे आल्या, "चला, आता जॅमचं टेस्टिंग!" पहिल्या रांगेतल्या एक आजी संतापून म्हणाल्या, "टेस्टिंग राहू द्या हो. त्या मुलीचं पुढे काय झालं?" संध्याकाळी 'पुन्हा येऊ नकोस' असं ऐकून घेतलं, पण निघण्याआधी मी अख्खी डायरी वाचून काढली. आज माझा राग मॅनेजरबाईंपेक्षा त्या लिहिणारीवरच जास्त आहे. तिने दोन्ही गाईंची नावं लिहून ठेवली होती, त्यांची दुखणीसुद्धा. मुलीचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्या दिवसानंतर तिच्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.