चांदीची पळी

विश्रामपंत आठवल्यांना त्र्यंबकराव ओळखत होते, असं म्हणणं जरा धाडसाचंच. टेंभी नाक्याजवळ दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. कलेक्टर कचेरीतही बारा वर्षं शेजारी बसून कारकुनी केलेली. तरी या माणसाच्या मनात काय चालतं ते त्र्यंबकरावांना एकदाच कळलं, आणि तेही त्याने आपण होऊन सांगितलं म्हणून.

विश्रामपंत लोकांच्या देवघरातल्या पळ्या उचलायचे. घरी स्वतःच्या चार असताना. दुसऱ्या दिवशी गुपचूप परत नेऊन ठेवायचे. मुलीच्या, सुमतीच्या, लग्नाआधी आठ दिवस ते त्र्यंबकरावांच्या ओटीवर येऊन बसले. पळी दिसली की छातीत काहूर उठतं, म्हणाले. उचलली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग मान वर करवत नाही. मुंबईच्या एका डॉक्टरने हा मनाचा आजार म्हणून सांगितलं होतं. औषध त्याच्याजवळ नव्हतं.

"व्याही कल्याणचे, कडक आहेत. त्या दिवशी माझ्या उजव्या हाताशी बसा. हात धरा, संकोच करू नका. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

त्र्यंबकरावांनी सकाळपासून जागा सोडली नाही. एकदा पंतांचा हात हललाही; त्यांनी मनगट दाबलं, तसा थांबला. पण मुहूर्ताला एक भटजी पोचला नाही आणि अंतरपाटाचं टोक धरायला कोणीतरी त्यांनाच हाक मारली. चारचौघांत नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला, तेव्हा व्याह्यांची संध्येची चांदीची पळी जागेवर नव्हती.

व्याह्यांनी पाणक्या काळुरामची झडती घ्यायला सांगितली. तो बिचारा धोतर सोडू लागला, तसं विश्रामपंतांनी कनवटीला खोचलेली पळी काढून पाटावर ठेवली. मी घेतली, एवढंच म्हणाले.

"पंत, हुंडा परत हवा होता तर मागायचात," व्याही म्हणाले.

सुमती कल्याणला गेली ती पुन्हा माहेरी आली नाही. त्यांनी पाठवलीच नाही. विश्रामपंतांना कुठून जेवणाचं बोलावणं येईना. त्र्यंबकरावांनीही त्यांच्याकडे जाणं सोडलं, रागाने नव्हे, शरमेने. भिंतीपलीकडून खोकला तेवढा ऐकू यायचा.

दोन वर्षांनी, विश्रामपंत वारले त्याच्या आदल्या आठवड्यात, दोघं बाजारात शेवग्याच्या ढिगापाशी समोरासमोर आले. सुमतीचं पत्र येतं का, हे त्र्यंबकरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"शेंगा जून आहेत," विश्रामपंत म्हणाले. "घेऊ नका."

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले.