कोळशाच्या गाडीची वाट

तामलवाडीत कायदा माझ्यावाणी कुणाला कळत न्हाय. मला वाचता येत न्हाय; हाटेलात दुसरा कुणी पेपर वाचतो, तेच म्या मोठ्यानं सांगतो.

एक म्हातारी रोज हाटेलामागनं शेरडं घेऊन जायची. नाव कधी इचारलं न्हाय. तिच्या वावरात कोळशाच्या गाडीसाठी रूळ टाकायचे म्हणून खुणंचे दगड रवलेले. रूळ एक बी न्हाय, तरी ती दगडापाशी थांबायची, दोन्हीकडं बघायची, मगच शेरडं पलीकडं हाकायची. म्या लई हसायचो.

त्या दिवशी पेपरातली बातमी ऐकली आन् म्याच हाक मारली. "आजी, बिनघोर जावा! लाईन खाजगी कारखान्याच्या कोळशाची. सरकारला जनतेचा पैसा त्यात घालता येत न्हाय, तसा कायदाच हाय. काम बंद!"

म्हातारी खालीच बसली. पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

"लाईन येणार म्हणून आमी वावरातली माझ्या मालकाची समाधी उकरली. हाडं वढ्याकडंला नेऊन पुरली. वढा काठ खात चाललाय रं. आता त्यांना परत वावरात आणू का?"

पैसा का अडला ते पेपरात होतं, हाडांचं काय करायचं ते न्हवतं. दगड तर अजून रवलेलेच. तरी म्या सवयीनं बोलून गेलो, "ऱ्हाऊ द्या की आजी, तिथं मालकाला गार वारं लागतंय."

हाटेलात कुणी हसलं न्हाय. म्हातारी काठी टेकत उठली.

"ठावं न्हाय म्हणावं, बाबा. तेवढं बी येत न्हाय व्हय तुला?"