वासोण्याच्या सिंहाची जांभई

अजूनही एखादी गाडी खोकून बंद पडली आणि डिझेलचा धूर नाकात गेला, की मी थेट वासोण्याच्या सिंह-सफारीत जाऊन बसतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी राखोलीच्या कारखान्यात धाग्याच्या मशीनवर होतो आणि नवी नवरी मालती डोकमर्डीच्या खोलीत एकटी भिंतींकडे बघत बसायची. "इथं दिवस सरता सरत नाही. सोमवारी मला माहेरी, धुळ्याच्या गाडीत बसवून द्या," म्हणत तिने ट्रंक भरली. मी घाबरलो आणि रविवारी तिला सिंह दाखवायला नेलं.

जाळीची गाडी नेमकी सिंहासमोर बंद पडली. हत्तीएवढा सिंह! जाळीला नाक लावून तो जांभई देऊ लागला. खोटं वाटेल, पण त्याचा जबडा पुरता उघडेपर्यंत माझी दाढी वाढली, बाहेरचा साग एकदा फुलून गेला आणि मी रिटायरही झालो. ड्रायव्हर कुजबुजला, "भाई, हिलना मत." हलतो कोण? माझे पाय केव्हाच धुळ्याला पळाले होते!

शेवटी इंजिन चालू झालं. मालतीचे डोळे चमकत होते. "अहो, एवढ्यात संपलं? आत्ता तर आलो! पुढच्या रविवारी परत येऊ या ना?"

"आणि सोमवारची गाडी?"

"जाऊ द्या तिला रिकामी."

त्या जांभईत माझं अख्खं म्हातारपण येऊन गेलं. नंतरची सगळी वर्षं मात्र, शपथेवर सांगतो, सिंहाचं तोंड मिटायच्या आत सरली. ट्रंकेत आता नातवंडांची खेळणी असतात, आणि मालती दर शनिवारी विचारते, "अहो, उद्या कुठं?"